गोव्यातील इन्क्विझिशनचे स्मरण

हुबळीच्या विद्यानगरातून दरवर्षी कितीतरी कुटुंबे कुलदैवताच्या दर्शनासाठी गोव्याकडे निघतात. लोंढ्याच्या पुढे गाडी घाट उतरू लागली, की घरातील वडीलधारी माणसे मुलांना देवाची गोष्ट सांगू लागतात. आपला देव मूळचा ह्या देवळातला नव्हे, तो पलीकडच्या तीरावरचा. एका रात्री त्याला पालखीत घालून नदीपार आणला, अशी ती गोष्ट असते. मंगेश कुशस्थळीचा, शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची, रामनाथ लोटलीचा. आज ही सर्व दैवते जुवारीच्या पलीकडे, फोंडे महालात नांदत आहेत. वेर्णेकर आणि लोटलीकर ही आडनावे मात्र जुन्या गावांचीच राहिली. नाव एका तीराचे आणि देव दुसऱ्या तीराचा, अशा स्थितीत ह्या कुटुंबांनी चारशे वर्षांहून अधिक काळ काढला आहे.

देव का हलवावा लागला, असे मुलांनी विचारले तर उत्तर बहुधा एका शब्दात येते : इन्क्विझिशन. काही घरांत 'फिरंग्यांचा जुलूम' एवढेच म्हणतात. उत्तर खोटे नाही. पण ते अपुरे आहे, आणि त्याच्या अपुरेपणातून पुढे बरेच गैरसमज निर्माण झालेले आहेत. आमच्यापैकी बहुतेकांचा व्यवसाय शिकविण्याचा असल्यामुळे ह्या स्मरणाची थोडी तपासणी करणे हे आम्ही कर्तव्यच समजतो. गोव्यात काय घडले ह्याबरोबरच, जे घडले त्याची आठवण कोणी, कशी आणि कशासाठी जपली, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे.

प्रथम घटनांचा क्रम पाहू. तिसवाडी बेटांतील देवळे १५४० मध्ये पाडली गेली. साष्टीतील देवळांचा मोठा विध्वंस १५६७ च्या सुमारास झाला. त्याच वर्षी गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने हिंदूंच्या धर्माचारांवर अनेक निर्बंध सुचविले. पोरक्या हिंदू मुलांना ख्रिस्ती संस्थांच्या ताब्यात देण्याची राजाज्ञा १५५९ ची. देशी भाषा सोडून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलू लागावे, हा हुकूम १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर ह्याने काढला; संभाजी महाराजांच्या स्वारीची धास्ती तेव्हा ताजी होती. ह्यांतील देवळांचा विध्वंस आणि हुकूम राजसत्तेचे होते, आणि ठराव धर्मपरिषदेचे. इन्क्विझिशन ही तिसरी संस्था. सेंट फ्रान्सिस झेव्हियरने १५४६ मध्येच पोर्तुगालच्या राजाकडे तिची मागणी केली होती; स्थापना १५६० मध्ये झाली. जुन्या गोव्यात आदिलशहाचा जो वाडा होता, त्यात तिचे न्यायालय व तुरुंग होता, आणि लोक त्या वास्तूला 'व्हडलें घर' म्हणत. तिची हुकमत आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून पूर्वेकडील सर्व पोर्तुगीज मुलुखावर चाले. वसई, दमण आणि दीव येथे तिचे प्रतिनिधी असत. मध्ये १७७४ ते १७७८ एवढा खंड सोडला, तर १८१२ पर्यंत ती चालू होती.

लोकस्मृतीने ह्या तिन्ही सत्ता एकाच शब्दात गोळा केल्या. ज्याच्या घरावर संकट येते तो ते कोणत्या खात्यातून आले हे पाहत बसत नाही. म्हणून लोकांना दोष देण्याचे कारण नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र हा भेद टाळता येत नाही. तो केला की लोकस्मृतीत न बसणारी एक वस्तुस्थिती समोर येते. देव घेऊन जे नदीपार गेले, ते ह्या न्यायालयाच्या हातून बव्हंशी निसटले. हाती सापडले ते मागे राहिलेले, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेले लोक. इन्क्विझिशनचा अधिकार मुख्यतः ख्रिस्ती झालेल्यांवर होता. हिंदूंनाही तिने ओढले. उघड धर्मविधी केले, कोणाला धर्मांतरापासून परावृत्त केले, किंवा परत येणाऱ्यास साहाय्य केले, म्हणून त्यांच्यावर खटले झाले. परंतु आरोपींत नवख्रिस्तींचाच भरणा अधिक होता.

आरंभीच्या काळात तिचा रोख युरोपातून आलेल्या, मूळच्या यहुदी कुळांतील ख्रिस्ती लोकांवर होता. गार्सिया द ओर्ता ह्या वैद्याचे उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकास जवळचे वाटेल. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ये-जा होती, आणि भारतीय वनौषधींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीस, कातारिनास, जाळण्यात आले. आणि १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडे उकरून अग्नीस दिली. मेलेल्या माणसालाही ज्या न्यायालयापासून सुटका नव्हती, त्याचे स्वरूप ह्या एका खटल्यावरून कळते.

पुढे रोख देशी ख्रिस्ती समाजाकडे वळला. ह्या बाबतीत १७३६ च्या एप्रिलमध्ये निघालेले फर्मान फार महत्त्वाचे आहे. ख्रिस्ती घरांत लग्नप्रसंगी ओव्या म्हणू नयेत, विधी म्हणून पानविडे वाटू नयेत, अळणी भात शिजवू नये, एकादशीचा उपवास करू नये, अंगणात तुळस ठेवू नये, पुरुषांनी पुडवे नेसू नये, स्त्रियांनी चोळी घालू नये, अशी ही लांबलचक यादी आहे. ती वाचताना प्रथम संताप येतो. दुसऱ्यांदा वाचताना आश्चर्य वाटू लागते. साष्टीत धर्मांतरे होऊन तोवर दीडशेहून अधिक वर्षे लोटली होती. इतक्या काळानंतरही ह्या गोष्टी घरोघर चालू होत्या, म्हणून तर त्यांवर बंदी घालावी लागली! अठराव्या शतकातील गोमंतकीय ख्रिस्ती घराचे इतके तपशीलवार चित्र क्वचितच सापडेल. जे पुसून टाकावयाचे ते टिपून ठेवल्यावाचून पुसता येत नाही, आणि त्यामुळे मारेकऱ्याच्याच वहीत मृताचे वर्णन शिल्लक राहते.

मराठीच्या अभ्यासकाला ह्यात आणखी एक विसंगती जाणवेल. फादर स्टीफन्सने येशूचे चरित्र मराठी ओवीतच रचिले, आणि त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये धर्माधिकाऱ्यांच्या अनुज्ञेनेच छापले गेले. एकशेवीस वर्षांनी त्याच ओवीवर लग्नमंडपात बंदी आली. एका पिढीतील धर्मोपदेशकांस जी भाषा लोकांपर्यंत जाण्याचा पूल वाटली, तीच पुढच्या धर्मन्यायाधीशांस पाखंडाची चोरवाट वाटली. ख्रिस्ती धर्मसंस्था सर्व काळी एकाच मताची होती, असे मानणाऱ्यांनी ह्या दोन वर्षांची तुलना अवश्य करावी.

आता स्मरणाच्या इतिहासाकडे वळू. इन्क्विझिशनचा पहिला नियम गुप्ततेचा होता. कैद्याला आपल्यावरील आरोप सांगत नसत, तो त्यानेच ओळखून कबूल करावा अशी अपेक्षा असे. सुटका होताना आत पाहिलेले बाहेर न सांगण्याची शपथ घ्यावी लागे. ही शपथ एका फ्रेंच वैद्याने मोडली. शार्ल दलों ह्यास १६७३ मध्ये दमण येथे पकडले. पुढील वर्षाच्या आरंभी त्यास गोव्यास आणले. कोठडीत त्याने जीव देण्याचाही प्रयत्न केला. जानेवारी १६७६ मध्ये पश्चात्तापाचा झगा घालून इतर कैद्यांबरोबर त्यास मिरवणुकीने नेण्यात आले, आणि गलबतावरील सक्तमजुरीची पाच वर्षांची शिक्षा सांगण्यात आली. ती भोगण्यास त्याला पोर्तुगालला पाठविले. तेथून १६७७ मध्ये त्याची सुटका झाली. त्याचे पुस्तक १६८७ मध्ये हॉलंडात छापले गेले आणि लवकरच युरोपातील अनेक भाषांत गेले. गोव्याच्या इन्क्विझिशनचे जगाला झालेले दर्शन बव्हंशी ह्या एका कैद्याच्या डोळ्यांनी झालेले आहे. तो युरोपीय होता, शिकलेला होता, त्याला मुद्रक मिळाला. त्याच मिरवणुकीत चाललेल्या देशी स्त्री-पुरुषांना ह्यांतील काहीच लाभले नाही.

दलोंचे पुस्तक ज्यांच्या हाती पडले त्यांनी ते आपापल्या कार्यासाठी वापरले. प्रॉटेस्टंट देशांत ते कॅथलिक पंथाविरुद्धचा पुरावा म्हणून वाचले गेले. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात उपप्रमुख असलेला क्लॉडियस ब्यूकॅनन १८०८ मध्ये जुन्या गोव्यास गेला, तो हे पुस्तक बरोबर घेऊनच. तेथील एका धर्मन्यायाधीशाच्याच घरी तो उतरला, त्याच्यापुढे दलोंची पाने ठेवली आणि हे खरे काय, असे विचारले. त्यातील बऱ्याच गोष्टी त्या न्यायाधीशास नाकारता आल्या नाहीत. परंतु तळघरातील कोठड्या मात्र पाहुण्यास दाखविण्यात आल्या नाहीत. ब्यूकॅननचा वृत्तान्त १८११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा हेतूही निव्वळ इतिहासाचा नव्हता; तो स्वतः प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक होता. साक्षीदाराचा हेतू ध्यानात ठेवावा आणि साक्षही टाकून देऊ नये, हा इतिहासशास्त्राचा साधा धडा येथे लागू पडतो.

दुसऱ्याच वर्षी इन्क्विझिशन कायमचे बंद झाले आणि कागदांचा प्रश्न उभा राहिला. खटल्यांच्या त्या कागदांत शेकडो घराण्यांची नावे होती. ती उघड झाली तर अनेकांची अब्रू जाईल, अशी भीती दाखविण्यात आली. निवडक पत्रे वेगळी काढून उरलेले दप्तर जाळण्यात आले. ज्या संस्थेने माणसे जाळली, तिचा शेवट स्वतःचे कागद जाळण्यात झाला. लिस्बनशी झालेला पत्रव्यवहार पुढे लिस्बन व रिओ द जानेइरो येथील संग्रहांत राहिला. झुआंव देलगादु फिगेइरा ह्याने १६२३ च्या सुमारास केलेली आरंभीच्या साठेक वर्षांतील सुमारे ३,८०० खटल्यांची सूचीही लिस्बनला शिल्लक आहे. बाकीच्या काळाविषयी आपण राखेतून वाचतो आहोत.

ह्यामुळेच आकड्यांचा वाद कधी संपत नाही. १५६१ ते १७७४ ह्या काळात सोळा हजारांवर लोकांवर खटले झाले, ५७ जणांस प्रत्यक्ष आणि ६४ जणांस प्रतिमारूपाने जाळण्यात आले, असे आकडे अभ्यासकांच्या लेखनात येतात; खटल्यांचे मूळ कागदच नष्ट झालेले असल्यामुळे ते सावधपणेच वापरावे लागतात. एक पक्ष म्हणतो, युरोपातील अत्याचारांच्या मानाने हे थोडे. दुसऱ्या पक्षास हे आकडे इतके लहान वाटतात, की तो ते मनाला येतील तेवढे फुगवितो. दोघांचीही मोजण्याची रीत चुकीची आहे, असे आमचे मत आहे. इन्क्विझिशनचा खरा परिणाम चितेवरच्या संख्येत शोधावयाचा नसतो. शेजारीण आपल्या घरचा अळणी भात पाहून उद्या तक्रार करील काय, ही भीती किती स्वयंपाकघरांत होती, हे कोणत्याही आकड्याने सांगता येणार नाही. आणि त्या न्यायालयाचे काम चालत होते ते ह्याच भीतीवर.

पोर्तुगीज सत्तेच्या आतूनही ह्या इतिहासाची झाडाझडती झाली, हे येथे आवर्जून सांगावयास हवे. गोव्याचा मुख्य सचिव म्हणून १८५५ मध्ये आलेल्या कुन्य रिव्हारा ह्याने जुनी कागदपत्रे खंडशः छापून काढली. १८५८ मध्ये त्याने कोंकणी भाषेचा इतिहास लिहिला, आणि देशी भाषांच्या छळाबद्दल आपल्याच पूर्वसूरींना कडक शब्दांत दोषी ठरविले. विसाव्या शतकात त्रिस्तांव ब्रागांझा कुन्य ह्यांनी १९४४ मध्ये गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणाची मीमांसा केली. ते जन्माने कॅथलिक होते. पोर्तुगीज छळाची चिकित्सा ही केवळ हिंदूंची तक्रार होती, हा समज ह्या दोन नावांनी दूर व्हावा.

मराठी जगात ह्या विषयाचा पाया घातला तो अनंत काकबा प्रियोळकरांनी. त्यांचा जन्म १८९५ मध्ये प्रियोळचा, म्हणजे ज्या गावात कुशस्थळीचा मंगेश आश्रयास आला त्याच गावचा. आपल्या ह्या सीमाभागाशीही त्यांचा संबंध आहे. १९५१ मध्ये कारवारला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. इन्क्विझिशनच्या स्थापनेस चारशे वर्षे झाली, त्या निमित्ताने त्यांनी लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९६१ मध्ये मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला. दलों व ब्यूकॅनन ह्यांचे वृत्तान्तही त्यांनी त्यास जोडले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. ग्रंथाला त्या क्षणाचे तेज लाभले आणि त्याबरोबर त्या क्षणाचा ताणही आला. १९६५ मध्ये जेसुइट विद्वान अँथनी डिकोस्टा ह्यांनी गोवा बेटांच्या ख्रिस्तीकरणावर ग्रंथ लिहून धर्मांतराच्या कारणांची वेगळी मांडणी केली. आजही कोणी प्रियोळकरांचे एखादे पान फडकवितो, तर कोणी त्यांना पक्षपाती म्हणून बाजूस सारतो. दोघांनीही तो ग्रंथ शेवटपर्यंत वाचावा, ही आमची विनंती आहे.

लोकांची आठवण ग्रंथांपेक्षा दगडांवर अधिक विसंबते. जुन्या गोव्यात हातकातरो खांब नावाचा एक जुना स्तंभ आहे. इन्क्विझिशन तेथे लोकांचे हात तोडी, अशी समजूत आहे. अनेक अभ्यासकांच्या मते तो मुलकी शिक्षेचा खांब असावा. त्याचे दगड त्याहून जुन्या, कदंबकालीन देवळातील असावेत, असेही सांगतात. हे मत खरे मानले, तरी त्या खांबाची किंमत कमी होत नाही. पाडलेल्या देवळाचा दगड शिक्षेच्या खांबासाठी वापरला गेला असेल, तर दंतकथेपेक्षा ती हकीकत अधिक बोलकी आहे.

कुंकळ्ळीची स्मृती ह्याहून जिवंत आहे. तेथे १५८३ मध्ये पाच जेसुइट मारले गेले; नंतर बोलणी करण्याच्या निमित्ताने बोलाविलेल्या गावकऱ्यांना असोळणे येथे ठार करण्यात आले. चर्चने १८९३ मध्ये त्या पाचांना धन्य पदवी दिली. गावकऱ्यांचे स्मारक उभे राहण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. परंतु फातर्प्याला गेलेली शांतादुर्गा कुंकळीकरीण फाल्गुनात बारा वांगडांच्या छत्र्यांसह मूळ गावी येते, आणि त्या वांगडांचे आजचे वंशज हिंदू आहेत तसेच ख्रिस्तीही आहेत. मारल्या गेलेल्या गावकऱ्यांचे नातू-पणतू आज चर्चमध्येही प्रार्थना करतात.

आमच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा हाच आहे. आजचा गोव्यातील, मंगळूरकडील किंवा वसईतील ख्रिस्ती माणूस हा त्या न्यायाधीशांचा वारस नव्हे. तो आरोपींचा वारस आहे. फर्मानांनी ज्यांच्या ओव्या बंद केल्या ते त्याचे पूर्वज होते. मंगळूरच्या ख्रिस्ती समाजाचे पूर्वज गोव्यातून निघून आले, त्याच्या कारणांत दुष्काळ व लढायांबरोबर हे धार्मिक दडपणही होते. गोव्यातील आणि मंगळूरकडील ख्रिस्ती लग्नात नारळाच्या रसाने न्हाऊ घालण्याचा 'रोस' हा विधी आजही होतो, तेव्हा दोनशे बावन्न वर्षांच्या त्या न्यायालयाचा पराभव ह्या घरांनी किती शांतपणे केला हे ध्यानात येते.

हा भेद विसरला की काय होते, ते आपण अलीकडे पाहिले. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला भरलेल्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांची निवड झाली. 'सुबोध बायबल' मराठीत आणणारा हा लेखक. तरी केवळ ते धर्मगुरू म्हणून काही संघटनांनी विरोध केला. वसईच्या ह्या समाजाने पोर्तुगीज अमदानी सोसली, आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतल्यावर तो मराठी राज्यात राहिला. घरात मराठी बोली जपली आणि लग्नांत मराठी गाणी म्हटली. कारवारच्या व्यासपीठावर प्रियोळकर आणि उस्मानाबादच्या व्यासपीठावर दिब्रिटो, ही दोन दृश्ये शेजारी ठेवली तर मराठीने ह्या जखमेला दिलेले उत्तर दिसते. एकाने छळाचा पुरावा गोळा केला; छळ सोसलेल्यांच्या वंशातील दुसऱ्याने त्याच भाषेत आपला धर्म सांगितला.

धर्मसंस्थेनेही आपल्या परीने मागे वळून पाहिले आहे. रोममधील धर्मन्यायसभेचे जुने दप्तर १९९८ मध्ये अभ्यासकांना खुले झाले. सत्याच्या नावाने झालेल्या बळजोरीबद्दल पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १२ मार्च २००० रोजी क्षमायाचना केली. ती पुरेशी होती की नाही, ह्यावर मतभेद राहतील. क्षमा मागितली म्हणून इतिहास शिकविणे थांबवावे असे नाही, आणि इतिहास शिकवावयाचा म्हणून शेजाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे असेही नाही.

वर्गात हा विषय निघेल तेव्हा शिक्षकाने १७३६ च्या फर्मानाची यादी विद्यार्थ्यांपुढे ठेवावी, आणि ह्यांतील कोणत्या गोष्टी तुमच्या घरी चालतात, असे विचारावे. हिंदू व ख्रिस्ती मुलांचे हात एकदमच वर येतील. त्यानंतर देव नदीपार का नेला, हे सांगितले तर मुलांना ते नीट समजेल. आणि तीरावर मागे राहिलेल्या माणसांचे काय झाले, हा प्रश्न ती आपण होऊन विचारतील. आजवर आमच्या घरांतील गोष्टींत तेवढाच प्रश्न राहून गेला होता.